लाल सिग्नलचा अर्धा नियम

यशदीप रामटेकेइतका काटेकोर माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. स्कूटरचा ब्रेक जरा करकरला की हा स्कूटर जिथल्या तिथे लावून पायी निघायचा. एकदा बूढ़ापाऱ्यात तलावाच्या काठाला गाडी उभी करून भर उन्हात हॉस्पिटलापर्यंत चालत आला, घामाने निथळत, आणि वर मलाच विचारतो, भरवसा नसलेली गाडी लोक चालवतातच कशाला. मी म्हटलं, बाबा, अख्खं रायपूर तशाच गाड्यांवर चालू आहे. तो हसला नाही. अशा गोष्टींवर त्याला हसू यायचंच नाही.

मी मंजिरी देशकर. बीरगांवच्या रस्त्यावर एक ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथल्या रक्तपेढीत मी बावीस वर्षं टेक्निशियन होते. माझे वडील अमरावतीहून सरकारी नोकरीवर इथे आले, यशदीपचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत आले, त्यामुळे आमचं मराठी सारखंच, अर्धं हिंदीत बुडालेलं. हॉस्पिटलात मराठी बोलणारे आम्ही मोजकेच. तो मला दीदी म्हणायचा, मी त्याला नावानेच हाक मारायचे.

रायपूर राजधानी झालं आणि शहराला एकदम घाई सुटली. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, प्रत्येक ऑफिसात कॉम्प्युटर आले, आणि ते आल्यावर ते चालवणार कोण हा प्रश्न पडला. आमच्या ट्रस्टने दोन हजार दोन साली यशदीपला घेतलं. त्याने कुठल्या मोठ्या कॉलेजात शिक्षण घेतलेलं नव्हतं. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्या लावून लावून तो लिनक्स शिकला होता. सर्व्हर बसवला त्याने, वायरी ओढल्या त्याने, रक्तपेढीचा प्रोग्राम चालू करून दिला त्यानेच. पिशवी कुणाची, गट कोणता, तपासणीत काय निघालं, सगळं त्या एका मशीनमध्ये. ते मशीन माझ्या टेबलामागच्या खोलीत असायचं आणि खोलीची किल्ली आम्हा दोघांकडेच असे.

त्याचे वडील मारोतीकाका रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. तारेवर चालणाऱ्या जुन्या सिग्नलांचा काळ त्यांनी काढला. यशदीप सहा-सात वर्षांचा असताना काकांनी त्याला रुळाकाठी नेऊन सिग्नलचा हात दाखवला होता. तार ओढली की हात खाली झुकतो, गाडी जाऊ शकते. आणि तार तुटली, कप्पी अडकली, काहीही बिघडलं, तर वजनाने हात आपोआप आडवा होतो आणि लाल दाखवतो. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, चालली नाही पाहिजे, एवढं काकांनी सांगितलं आणि पोराने ते जन्मभराची शपथ घेतल्यासारखं धरून ठेवलं. ही गोष्ट त्याने मला किमान वीस वेळा ऐकवली असेल. मला ती पाठ झाली होती आणि कंटाळाही आला होता.

दोन हजार सहाच्या थंडीत एक गोष्ट घडली, आणि पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं.

कॉम्प्युटर सुरू होताना एक यादी वाचत जातो. आधी ही डिस्क जोड, मग नेटवर्क चालू कर, मग डेटाबेस उठव, मग रक्तपेढीचा प्रोग्राम. ही यादी वाचून कामं करवून घेणाऱ्या भागाला शेल म्हणतात, हे मला यशदीपनेच शिकवलं. शेल स्वभावाने आमच्या जुन्या बाबूंसारखा. एक काम झालं नाही तर नाही झालं, पुढचं काढा. त्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा माहितीची डिस्क जोडलीच गेली नाही. शेलने खांदे उडवले आणि पुढे गेला. प्रोग्रामही उठला, आणि त्याला दुसऱ्या कोपऱ्यात पडलेली चार महिन्यांपूर्वीची जुनी प्रत सापडली. आमचे पिशव्यांचे नंबर एक ते हजार फिरून फिरून येत. मी एका नंबरचं लेबल छापलं, तर ए पॉझिटिव्हच्या पिशवीला ओ पॉझिटिव्हचं लेबल निघालं. लेबल पिशवीवर दाबता दाबता माझी नजर तारखेवर गेली. ऑगस्टची तारीख, आणि बाहेर डिसेंबर. मी ते लेबल तिथल्या तिथे सोलून काढलं. ती पिशवी लागली असती तर माणूस मेला असता.

यशदीप दोन दिवस नीट जेवला नाही, असं त्याची बायको अपर्णा मला सांगत होती. माझी तऱ्हा वेगळी. मी घाबरले, आणि घाबरलेली बाई जे करते ते मी केलं, नियम मागितला. ट्रस्टचे सेक्रेटरी यशवंतराव यांच्याकडे जाऊन मीच म्हटलं की यापुढे मशीनची स्लिप निघाल्याशिवाय एकही पिशवी रक्तपेढीबाहेर जाऊ नये, आणि हातानं लिहायचं रजिस्टर बंद करावं, कारण दोन जागी नोंदी असल्या की गोंधळ होतो. यशवंतरावांना नियम आवडत. त्यांनी त्याच दिवशी सही केली. हा नियम माझा होता, हे आधीच सांगून ठेवते.

यशदीपने त्याच्या बाजूने लाल सिग्नल लावला. सुरू होतानाच्या सगळ्या याद्या एक सामाईक फाईल आधी वाचतात. त्या फाईलच्या अगदी वरती त्याने एक ओळ टाकली. सेट, मायनस, ई. एवढीच. तिचा अर्थ असा की यापुढे कुठलंही काम फसलं की तिथेच थांबायचं, पुढचं पाऊल टाकायचं नाही. मला बोलावून त्याने स्क्रीनवर ती ओळ दाखवली. एवढं खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणाला, "दीदी, आता तार तुटली का हात आडवा." मग त्याने मशीन सहा वेळा बंद करून सुरू केलं. सातव्यांदा मुद्दाम डिस्कची वायर काढून ठेवली, तर मशीन जागच्या जागी थांबलं, जुनी माहिती दाखवली नाही. मीही सुटकेचा श्वास सोडला. त्या रात्री मला झोप लागली हे खरं आहे.

त्या ओळीत एक खोट होती, आणि ती त्याला तेव्हा दिसली नाही. शेलला एखादी गोष्ट शोधायला सांगितली आणि ती नसली, तर तो "नाही" असं उत्तर देतो. पण शेलकडे "नाही" सांगायला आणि "काम फसलं" सांगायला एकच खूण आहे. साध्या प्रश्नाला साधं "नाही" आलं तरी ती ओळ त्याला बिघाड समजते आणि सगळं थांबवते. आमच्या कपाटावर एक मोडेम पडलेला होता. पूर्वी महिन्याचा अहवाल टेलिफोनवरून मुख्य ऑफिसला जायचा, तेव्हाचा. ब्रॉडबँड आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं, पण त्याचा हिरवा दिवा जळत असायचा आणि सुरू होतानाच्या यादीत एका जागी अजून प्रश्न होता, मोडेम आहे का. सहाही वेळा मोडेम जोडलेला होता. सहाही वेळा उत्तर "आहे" असंच आलं.

दोन हजार सातची बुद्धपौर्णिमा. यशदीपने रीतसर सुटी घेतली होती. आई शेवंताबाई आणि अपर्णा यांना घेऊन तो सकाळच्या गाडीने डोंगरगढला गेला, प्रज्ञागिरीच्या टेकडीवर बुद्धमूर्तीच्या दर्शनाला. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून ते घरी राहिले. मी सकाळी बारा पिशव्या तपासल्या. अकरा चांगल्या निघाल्या, एक खराब. तपासणीचं यंत्र निकाल थेट सर्व्हरला पाठवायचं, कागदावर काही उरायचं नाही. त्या बारांत बी निगेटिव्हच्या दोन होत्या.

दुपारी एकच्या सुमाराला अंधड सुटलं. उन्हाळ्यात इथे सुटतं तसं, धूळ आणि पत्रे आणि मग काळोखी. कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली. जनरेटर उठायला चार मिनिटं लागली, यूपीएसच्या बॅटऱ्या दोन मिनिटांत बसल्या. सर्व्हर पडला. जनरेटर आल्यावर तो आपोआप सुरू झाला, काही ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर तो थांबला. मी बटण दाबून पुन्हा सुरू केला. पुन्हा त्याच ओळीवर. तिसऱ्यांदाही तेच. मी इंग्रजीत ती ओळ वाचली, मला त्यातलं काही कळलं नाही. मोडेमकडे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कपाटाजवळच्या त्या भिंतीच्या बोर्डाला जनरेटरची लाईन दिलेलीच नव्हती, हिरवा दिवा विझला होता.

एक वीसला वरच्या प्रसूती वॉर्डातून कागद आला. कलावती, वय तेवीस, राहणार बीरगांव. पाऊण तासापूर्वी मुलगी झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गट बी निगेटिव्ह, दोन पिशव्या ताबडतोब. शहरात दुसरीकडे फोन लावायला मी नर्सला सांगितलं. एका ठिकाणी नव्हतं, दुसऱ्या ठिकाणाहून यायला दीड-दोन तास लागणार होते, रस्त्यात झाडं पडलेली. माझ्या फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या. रक्त जुळतं की नाही ते बघायला मशीन लागत नाही, ते मी हाताने केलं. दोन वाजायला दहा मिनिटं असताना ते झालं. जुळत होतं. आता फक्त स्लिप हवी होती.

दारात कलावतीचा नवरा उभा होता. मनहरण नाव त्याचं, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला, अंगावर मिलचाच मळकट शर्ट. रक्त घेऊन जायला त्याला खाली पाठवलं होतं. त्याने मला छत्तीसगढीत विचारलं, "दीदी, खून हावय न?" रक्त आहे ना, एवढंच. मी म्हटलं, "हव, है." ते ऐकून तो माणूस भिंतीला टेकून शांत बसला. आरडाओरडा केला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. रक्त आहे म्हटल्यावर त्याची काळजी मिटली होती.

यशदीपचा फोन बंद लागत होता. वंदनेला बसताना तो फोन बंद करून ठेवायचा, नुसता मुका करून ठेवणं त्याला पटायचं नाही. मी पाच-पाच मिनिटांनी लावत होते. शेवटी त्याच्या घरी लावला. मारोतीकाकांनी उचलला. ते म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं येतील सारे, काय झालं? मी म्हटलं, मशीन थांबलं आहे, सुरूच होत नाही, आणि पेशंटला रक्त द्यायचं आहे. काकांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, "थांबली तर हातानं लिहून द्या ना पोरी. आम्ही मेमो देतो."

मला संताप आला. एक तर जीव टांगणीला लागलेला, आणि हा म्हातारा मला रेल्वेच्या गोष्टी सांगतोय. मी म्हटलं, "काका, ही रेल्वे नाही," आणि फोन ठेवून दिला.

तो फोन ठेवल्यावर मी फ्रीज उघडला. दोन पिशव्या हातात घेतल्या, थंडगार. सकाळची खराब पिशवी नववी होती, आणि या दोन चौथी आणि पाचवी. मला आठवत होतं. मीच तपासल्या होत्या. पण बारा पिशव्या, बारा नंबर, आणि माझी खात्री पूर्ण नव्हती, जवळजवळ होती. डिसेंबरमधलं ते ऑगस्टचं लेबल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. खराब पिशवी गेली तर बाईला जन्माचा रोग लागेल, आणि नाव माझं येईल. नर्स दोनदा खाली आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने हात पुढेच केला होता. मी नियमाचा कागद दाखवला, यशवंतरावांच्या सहीचा. पिशव्या परत फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दार नीट लावलं. दार लावतानाचा तो रबराचा बारीक आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन पंचवीसला यशदीपचा फोन लागला. मागे माणसांचा गलका होता. मी घडलेलं सांगितलं आणि स्क्रीनवरची शेवटची ओळ एकेक अक्षर करत वाचली. त्याने मला ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "दीदी, कपाटावरच्या मोडेमचा दिवा पाहा." मी म्हटलं, विझला आहे. "त्याचा प्लग काढा, सर्व्हरच्या बोर्डात लावा आन मशीन चालू करा."

मी प्लग लावला. हिरवा दिवा लागला. मशीनने विचारलं, मोडेम आहे का, उत्तर मिळालं, आहे, आणि यादी भराभर पुढे सरकली. दोन पस्तीसला स्लिपा निघाल्या. दोन्ही पिशव्या चांगल्या, चौथी आणि पाचवी. खराब नववीच होती. मनहरण त्या घेऊन जिन्यावरून धावला. मी दारापर्यंत त्याच्यामागे गेले, तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी कलावती गेली. एक पिशवी अर्धी लागली होती, दुसरी तशीच परत आली. डॉक्टरीणबाई खाली आल्या आणि परतलेली पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

यशदीप संध्याकाळी स्टेशनवरून थेट हॉस्पिटलात आला. अपर्णाला आणि आईला रिक्षाने घरी पाठवलं होतं. कपाळावर आणि कपड्यांवर प्रवासाची धूळ तशीच होती. मशीनसमोर बसून त्याने ती ओळ काढून टाकली, मग पुन्हा घातली, मग पुन्हा काढली. मी त्याच्याजवळ उभी होते. तो रडत होता आणि मला त्याचा राग येत होता, इतका की त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. कशाला सुचलं होतं तुला हे, असं मी म्हणालेही. तो म्हणाला, हो दीदी. ओळ त्याची होती आणि नियम माझा होता, हे मला त्या वेळीही कळत होतं.

मारोतीकाकांनी त्याला दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते अपर्णाकडून माझ्या कानावर आलं. काका म्हणाले, सिग्नल लाल पडला म्हणून काय गाडी जन्मभर उभी राहते? स्टेशन मास्तर मेमो देतो, म्हणजे कागदावर लिहून देतो, सही करतो, माणूस हिरवी झेंडी घेऊन जातो, आणि गाडी हळूहळू लाल सिग्नल ओलांडते. आडवा हात हा अर्धा नियम. उरलेला अर्धा त्या कागदाचा आणि सही करणाऱ्या माणसाचा. "म्या तुले अर्धंच सांगतलं रे पोट्ट्या," असं म्हणून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सहा वर्षांच्या पोराला सिग्नलचा हात दाखवला तेव्हा कागदाची गोष्ट कंटाळवाणी वाटली असेल, म्हणून राहून गेली.

चौकशी झाली. यशवंतराव आणि दोघं ट्रस्टी. त्यांना प्रकरण लांबवायचं नव्हतं. अंधड आलं, लाईट गेली, दैवापुढे इलाज नाही, असा त्यांचा सूर होता आणि सगळ्यांना तो सोयीचा होता. यशदीपने तो बिघडवला. त्याने दीड पान लिहून दिलं. ओळ कोणती, कुठे टाकली, का टाकली, मोडेमच्या प्रश्नाला "नाही" आलं तर काय होईल हे तपासलं नाही, सगळं. शेवटी एक वाक्य होतं की रक्तपेढीच्या टेक्निशियनने लागू असलेला नियम पाळला. यशवंतराव वाचून वैतागले. असं लिहून देतं का कुणी, म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं. स्लिपशिवाय त्या पिशव्या देण्यासारखी परिस्थिती होती का, तपासणीचा निकाल मशीनशिवाय कुणाला माहीत होता का. मी म्हटलं, "नाही."

यशदीप माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. सकाळच्या बारा तपासण्यांपुढे माझंच नाव आणि वेळ मशीनमध्ये नोंदलेली होती, आणि ती नोंद त्याने वाचली नसेल असं होऊच शकत नाही. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. माझं "नाही" कागदावर उतरलं आणि फाईल बंद झाली. त्या मशीनला एका "नाही"ने थांबवलं होतं. माझ्या "नाही"ने कुणीही थांबलं नाही, सगळे चहाला उठले.

त्याला कुणी काढलं नाही. त्यानेच महिनाभरात राजीनामा दिला. जायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि छापून घेतलेली एक वही ठेवली. प्रत्येक पानावर पेशंटचं नाव, पिशवीचा नंबर, तपासणी कुणी केली, आणि खाली एक ओळ, मशीन बंद असल्याने माझ्या जबाबदारीवर देत आहे, आणि सहीची जागा. यशवंतरावांची मंजुरी त्याने पाठपुरावा करून मिळवली होती. मला म्हणाला, "मेमो लिहायले माणूस तर होता दीदी. म्या कागदच ठेवला नव्हता तुमच्यासाठी. चूक माहीच."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं, मला आठवत होतं, तुझ्या बापाने मला फोनवर सांगितलं होतं, कागद काय, मी हातावर लिहून दिलं असतं, एवढं म्हणायचं होतं. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि त्याला चहा घेतोस का म्हणून विचारलं.

तो राजीनाम्याआधी बीरगांवला मनहरणच्या घरी जाऊन आला होता. माझ्यामुळे झालं असं त्याने त्याला सांगितलं. मनहरणने त्याला मारलं नाही. फक्त म्हणाला, "दीदी हर तो कहे रिहिस, खून हे." त्या दीदीने तर सांगितलं होतं की रक्त आहे. हे मला यशदीपने कधीच सांगितलं नाही. अपर्णाने सांगितलं, आणि तेही तीन वर्षांनी, चुकून.

त्यानंतर यशदीपने कॉम्प्युटरला हात लावला नाही. उरल्यातल्या एका कारखान्यात हजेरी लिहायच्या खिडकीवर बसतो. केस पांढरे झाले, चष्मा लागला, स्कूटरचा ब्रेक करकरला की अजून पायी जातो. मारोतीकाका दोन हजार अकरात वारले. मी गेले होते. शेवंताबाईंनी माझा हात धरून सांगितलं की शेवटच्या दिवसांत ते सारखं मेमो, मेमो म्हणत होते.

त्या वहीची सतरा पानं मी भरली, निवृत्त होईपर्यंत. लाईट गेली, मशीन अडलं, काही झालं की मी एका मिनिटात सही करून पिशवी द्यायचे. सगळे म्हणायचे, मंजिरी दीदींची हिंमत मोठी. सतराही माणसं घरी गेली.

कलावतीच्या मुलीचं नाव कुसुम. यशदीप दर बुद्धपौर्णिमेला तिच्या घरी जातो, वह्यापुस्तकं नेतो. तिचाही गट बी निगेटिव्ह आहे, आणि त्या गटाच्या नऊ माणसांची नावं आणि फोन नंबर त्याने एका कागदावर लिहून मनहरणच्या भिंतीवर चिकटवले आहेत. दर वर्षी जायच्या आदल्या दिवशी तो मला फोन करतो आणि विचारतो, "दीदी, येता का सोबत?" त्याहून जास्त काही बोलत नाही, का यायचं तेही सांगत नाही.

यंदाही त्याने विचारलं. कुसुम बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणते, रक्तपेढीत काम कसं चालतं ते तिला कुणाकडून तरी ऐकायचं आहे, असं म्हणाला. फोन कानाला लावून मी बराच वेळ उभी राहिले. त्यानेही ठेवला नाही, तिकडे तो वाट पाहत होता.

मी नाही म्हणाले.